युटिलिटी म्हणजे नक्की काय?

बहिणीने बंगळुरूला फ्लॅट घेतला आणि फोनवर म्हणाली, वॉशिंग मशीन युटिलिटीत ठेवलंय. आईने विचारलं, कुठे गं? मग व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर काय, आपली ड्राय बाल्कनी! पुण्यात जिथे मशीन, केरसुणी, रिकामा सिलिंडर आणि मागच्या दिवाळीचा आकाशकंदील असतो ना, त्याच जागेला तिकडे युटिलिटी म्हणतात. आई म्हणाली, म्हणजे मोरीच की.

तेव्हापासून हा शब्द डोक्यात बसलाय. मूळ लॅटिन क्रियापद 'ऊटी' (हिल स्टेशनशी संबंध नाही), अर्थ वापरणे, आणि आपण दिवसभर जे 'यूज कर' म्हणतो ते यूज पण त्याच घराण्यातलं. इंग्रजीत वीज, पाणी, गॅस पुरवणारी कंपनी ती युटिलिटी, कॉम्प्युटर साफसूफ करणारं छोटं सॉफ्टवेअर ते युटिलिटी, आणि एसयूव्हीतला यू पण हाच, जरी त्यातल्या बऱ्याच गाड्या आयुष्यात डांबरी रस्ता सोडत नाहीत. दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई झाली म्हणून ब्रिटिश सरकारने १९४१ पासून युटिलिटी कपडे काढले होते. कापड किती लागेल ते ठरलेलं, नखरे कमी. थोडक्यात, या सगळ्यात अर्थ एकच, कामाचं ते ठेवा.

पण अर्थशास्त्रात हा शब्द शिरला आणि तिथे त्याचा अर्थ बराच सरकला. त्याची गोष्ट एका जुगारापासून सुरू होते.

नाणं उडवायचं. पहिल्याच वेळी छापा पडला तर १ रुपया, दुसऱ्या वेळी पहिल्यांदा पडला तर २, तिसऱ्या वेळी ४, मग ८, असं दुप्पट दुप्पट. छापा पडला की खेळ खलास. हा खेळ खेळायला तुम्ही किती फी द्याल? आता हिशोब बघा. १ रुपया मिळायची शक्यता निम्मी, म्हणजे त्याचे आठ आणे. २ रुपयांची शक्यता पाव, परत आठ आणेच. ४ ची एक अष्टमांश, तेही आठ आणे. अशा आठ आण्यांची रांग संपतच नाही, म्हणजे गणित सांगतं की कितीही फी द्या, परवडेल. प्रत्यक्षात कोणी शंभर रुपये पण देणार नाही!

हे कोडं निकोलस बर्नोली या स्विस गणितज्ञाने १७१३ मध्ये घातलं आणि १७३८ मध्ये त्याच्या चुलतभावाने, डॅनियलने, त्यावर तोडगा छापला. हो, तोच डॅनियल, द्रवाच्या दाबाचा बर्नोलीचा नियमवाला, आणि ते पुस्तकही १७३८ चंच (काय वर्ष गेलं असेल त्याचं). तो म्हणाला, पैसे मोजू नका, पैशाने माणसाला काय फरक पडतो ते मोजा (यालाच पुढे अर्थशास्त्रात युटिलिटी म्हणू लागले), आणि तो फरक आधी खिशात किती आहे त्यावर ठरतो. एकूण १०,००० असलेल्याला आणखी १०,००० मिळाले तर जेवढा फरक, तेवढाच १ लाखवाल्याला आणखी १ लाख मिळाल्यावर. म्हणजे किती रुपये वाढले ते नाही, किती पट झाले ते बघायचं. गणितात हे लॉगॅरिदमने मांडतात. हे लावलं की ती न संपणारी रांग एकदम आटोक्यात येते आणि ज्याच्याकडे १०० रुपये आहेत त्याने या खेळाला चार-साडेचार रुपयांच्या वर देऊ नये असं उत्तर मिळतं.

त्याचंच दुसरं उदाहरण मला जास्त आवडतं. एका अगदी गरीब माणसाला लॉटरीचं तिकीट मिळतं, २०,००० नाणी किंवा शून्य, दोन्हीची शक्यता सारखी. सरासरी १०,०००. त्याने ते ९,००० ला विकलं तर तो मूर्ख का? बर्नोली म्हणतो अजिबात नाही, आणि ते ९,००० ला न घेणारा श्रीमंत मात्र चुकतो. तिकीट एकच, पण विकणारा आणि घेणारा दोघंही शहाणे. इन्शुरन्सचा धंदा याच तत्त्वावर चालतो, आपण थोडं जास्त देऊन धास्ती विकतो आणि कंपनीला ती झेपते.

गंमत म्हणजे बर्नोलीने युटिलिटी शब्द वापरलाच नव्हता. लेख लॅटिनमध्ये होता आणि त्यात 'एमोलुमेंटुम' (म्हणजे फायदा) होतं, पेन्शनच्या कागदांवर इमोल्युमेंट्स असतं ना, त्याचंच मूळ. १९५४ मध्ये इंग्रजी भाषांतर झालं तेव्हा तिथे युटिलिटी आलं, कारण तोवर बेंथम या इंग्रज विचारवंतापासून जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञापर्यंत सगळ्यांनी तो शब्द रुळवला होता.

आणि रुळवताना घोळ झालाच. अर्थशास्त्रात एखादी गोष्ट हवीशी वाटली की तिला युटिलिटी आहे, मग ती तब्येतीचं वाटोळं का करेना. परेटो या इटालियन अर्थशास्त्रज्ञाला हे खटकलं. १८९६ मध्ये त्याने मॉर्फिनचं उदाहरण दिलं, व्यसनी माणसाला ते घातक, पण त्याची गरज भागवतं म्हणून अर्थशास्त्राच्या हिशोबात उपयोगी! अशा नुसत्या हवंसं वाटण्यासाठी त्याने ग्रीकवरून 'ऑफेलिमिटी' असा वेगळा शब्द बनवला. तो काही चालला नाही, उच्चार बघता नवल नाही. आपल्याकडे बारावीच्या अर्थशास्त्रात उपयोगिता (गरज भागवणं) वेगळी आणि उपयुक्तता (खरोखर फायद्याचं असणं) वेगळी असं शिकवतात. मी तेव्हा ते दोन्ही एकच समजून लिहून आलो होतो.