नागपुरातील क्रीडाप्रेक्षक : स्पर्धेची रचना आणि स्टेडियम

प्रेक्षक कोणाच्या बाजूने ओरडतो, वर्षातून किती वेळा मैदानावर जातो आणि घरी किती वाजता परततो, हे त्याच्या आवडीइतकेच दोन गोष्टींवर ठरते : स्पर्धा कशी बांधली आहे आणि स्टेडियम कुठे बांधले आहे. नागपूर हे याचे चांगले उदाहरण आहे. सुमारे ४५ हजार प्रेक्षक बसतील एवढे स्टेडियम या शहराकडे आहे आणि रणजी करंडक तीनदा जिंकलेला संघही आहे. देशातील सर्वांत मोठ्या लीगमध्ये, आयपीएलमध्ये, मात्र शहराचा संघ नाही. ज्या सामन्याला गर्दी लोटते त्यात नागपूरचे बहुधा कोणी नसते आणि ज्या सामन्यात सगळे आपले असतात त्याला स्टँड ओस पडलेले असतात.

स्पर्धेच्या तीन तऱ्हा

इंग्लंडमधील फुटबॉल हे खुल्या रचनेचे परिचित रूप. प्रीमियर लीगमध्ये २० क्लब असतात, प्रत्येकाचे ३८ सामने, त्यांपैकी १९ घरच्या मैदानावर, आणि हंगामाअखेर तळाचे तीन क्लब खालच्या लीगमध्ये घसरतात. त्यामुळे अठराव्या क्रमांकावरच्या क्लबच्या पाठीराख्यालाही शेवटच्या आठवड्यापर्यंत झोप नसते. अमेरिकेतील मोठ्या लीग बंदिस्त आहेत : घसरण नाही, पण मालकाने ठरवले तर संघ शहर सोडून जाऊ शकतो. २००८ मध्ये सुरू झालेली आयपीएल याच दुसऱ्या जातीची. आठ संघांनी सुरुवात झाली, २०२२ पासून दहा आहेत. तळाला राहिलेला संघ पुढच्या वर्षी खेळाडूंच्या लिलावात नव्याने उभा राहतो.

रणजी करंडकाची रचना या दोन्हींहून निराळी आहे. तेथे संघ क्लबचा किंवा मालकाचा नसून क्रिकेट संघटनेचा असतो. महाराष्ट्र हे एकच राज्य असले तरी त्याचे रणजीत तीन संघ खेळतात : मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. नागपूरकराला कोणाचा पाठीराखा व्हायचे हे निवडावे लागत नाही, ते जन्मानेच ठरलेले असते. मुंबईला हरवल्याचा आनंद येथे अंमळ जास्तच होतो, आणि त्याची सगळी कारणे क्रिकेटमध्ये सापडत नाहीत.

सिव्हिल लाइन्सचे मैदान

विदर्भ क्रिकेट असोसिएशनचे (व्हीसीए) जुने मैदान सिव्हिल लाइन्समध्ये, शहराच्या पोटात आहे. येथे पहिली कसोटी ऑक्टोबर १९६९ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध झाली आणि भारत ती हरला. सदर, धरमपेठ, बर्डी येथून सायकलवर किंवा चालत येता येई. सामना संपला की अर्ध्या तासात माणूस घरी. ऑफिसातून दुपारी निसटून दोन तास सामना पाहून येणे हा प्रकार त्यामुळेच शक्य होता. शहराबाहेर जामठ्याला नवे स्टेडियम झाले आणि तो बंद झाला.

स्पर्धेची रचना सामन्यात थेट कशी उतरते, हे या मैदानाने ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी पाहिले. विश्वचषकातील भारत–न्यूझीलंड साखळी सामना होता. उपांत्य फेरी भारताने आधीच गाठली होती, पण गटात पहिले यायचे तर धावगतीवर ऑस्ट्रेलियाला मागे टाकणे भाग होते. पहिला आला तर उपांत्य सामना मुंबईत, दुसरा आला तर लाहोरला पाकिस्तानशी. चेतन शर्माने केन रुदरफोर्ड, इयन स्मिथ आणि इवेन चॅटफिल्ड यांचे लागोपाठ तीन चेंडूंवर त्रिफळे उडवून विश्वचषकातील पहिली हॅटट्रिक घेतली. त्यानंतर २२२ धावांचे लक्ष्य ४२.२ षटकांत गाठायचे होते. एकदिवसीय सामन्यांत संथ खेळतो अशी ओळख असलेल्या सुनील गावसकरांनी ८८ चेंडूंत नाबाद १०३ धावा केल्या, भारताने ३२.१ षटकांतच सामना संपवला. गावसकरांचे एकदिवसीय कारकिर्दीतले हे एकमेव शतक. केवळ जिंकायचे असते तर गावसकर एवढे का घाईत होते, असा प्रश्न पडला असता. ती घाई गुणतक्त्याने लावली होती.

याच मैदानाची दुसरी आठवण वाईट आहे. २६ नोव्हेंबर १९९५ रोजी न्यूझीलंडविरुद्धच्या एकदिवसीय सामन्यात, दोन डावांच्या मधल्या सुट्टीत, पूर्व बाजूच्या स्टँडची भिंत कोसळून प्रेक्षक मृत्युमुखी पडले आणि अनेक जखमी झाले. सामना तरीही पूर्ण खेळवला गेला. इंग्लंडमध्ये १९८९ च्या हिल्सबरो फुटबॉल मैदानावरील चेंगराचेंगरीच्या दुर्घटनेनंतर चौकशी अहवाल आला आणि वरच्या लीगमधील मैदानांवर उभे राहून सामना पाहण्याचे स्टँड कायद्याने बंद झाले. आपल्याकडे असा एखादा अहवाल प्रेक्षकाच्या रोजच्या अनुभवात उतरल्याचे दिसत नाही. गर्दीचे व्यवस्थापन अजूनही मुख्यतः पोलीस बंदोबस्ताच्या भाषेत बोलले जाते आणि प्रेक्षकाकडे पाहुणा म्हणून कमी, संशयित म्हणून जास्त पाहिले जाते.

जामठा

वर्धा रोडवर, शहरापासून १५ किलोमीटरहून अधिक अंतरावर, जामठा येथे नवे स्टेडियम २००८ मध्ये सुरू झाले. पहिली कसोटी नोव्हेंबर २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध झाली. सौरव गांगुली यांची ही शेवटची कसोटी आणि व्ही. व्ही. एस. लक्ष्मण यांची शंभरावी. जेसन क्रेझा याने पदार्पणात १२ बळी घेतले, तरी भारत १७२ धावांनी जिंकला.

स्टेडियम म्हणून जामठा देशातील चांगल्यांपैकी आहे. मैदान मोठे, खुर्च्या नीट, खेळ जवळपास कोठूनही दिसतो. अडचण अंतराची आहे. रात्रीचा सामना संपला की हजारो दुचाकी आणि चारचाकी एकाच वेळी राष्ट्रीय महामार्ग ४४ वर येतात, त्याच रस्त्याने हैदराबादकडचे ट्रकही चाललेले असतात. म्हणून चाळिसाव्या षटकानंतर सामना एकतर्फी वाटू लागला की स्टँडमध्ये हालचाल सुरू होते. कोणी बाटली शोधत नसतो की चहा. पार्किंगमधून गाडी आधी निघावी म्हणून माणसे उठत असतात. बाहेरगावचा समालोचक याला प्रेक्षकांची उदासीनता म्हणतो. वर्धा रोडवर एकदा अडकून पाहिलेला माणूस तसे म्हणणार नाही.

२०१९ मध्ये सुरू झालेली मेट्रो वर्धा रोडने खापरीपर्यंत जाते. सामन्याच्या रात्री फेऱ्या उशिरापर्यंत वाढवल्या जातात, पण खापरी ते जामठा हा उरलेला टप्पा बस किंवा ऑटोवरच असतो. केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये मंजूर केलेल्या दुसऱ्या टप्प्यातील मार्ग जामठ्यावरून बुटीबोरीच्या दिशेने जातो.

अंतराचा सर्वाधिक फटका कसोटीला बसतो. टी-ट्वेंटीसाठी माणूस एक संध्याकाळ काढतो. पाच दिवस रोज जाऊन-येऊन करणे नोकरदाराला जमत नाही. त्यात कसोटी पाच दिवस चालेल याचीही खात्री नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा पहिला डाव ७९ धावांत आटोपला, कसोटी तीन दिवसांत संपली आणि आयसीसीने खेळपट्टी ‘खराब’ ठरवली. फेब्रुवारी २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धही तिसऱ्याच दिवशी निकाल लागला. शनिवार-रविवार पाहून चौथ्या दिवसाचा बेत आखलेल्यांनी काय करायचे?

आंतरराष्ट्रीय सामने शहराला बीसीसीआयच्या फेरपाळीने मिळतात. मेलबर्नच्या माणसाला २६ डिसेंबरची कसोटी वर्षभर आधीपासून ठाऊक असते. नागपूरचा माणूस वेळापत्रक जाहीर होण्याची वाट पाहतो. विराट कोहलीने २०१९ मध्ये कसोटीसाठी पाचच ठरलेली केंद्रे असावीत असे सुचवले होते. प्रेक्षकाला सवय लागण्याच्या दृष्टीने सूचना योग्यच होती, फक्त त्या पाचांत नागपूर असण्याची शक्यता कमी. सामना क्वचित येत असल्यामुळे तो लग्नसराईसारखा साजरा होतो : तिकिटासाठी ओळखी काढल्या जातात, ‘पास आहे का’ हा आठवडाभर शहरातला पहिला प्रश्न असतो, गालावर तिरंगा रंगवणारे गेटबाहेर बसतात आणि संघ हरला तरी फोटो निघतात. २३ सप्टेंबर २०२२ च्या ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या टी-ट्वेंटीत मैदान ओले असल्याने सातचा सामना साडेनऊला, तोही आठ-आठ षटकांचा सुरू झाला. लोक उठले नाहीत. रोहित शर्माच्या २० चेंडूंतील नाबाद ४६ धावांनी त्यांचे पैसे वसूल केले.

बिनसंघाचे आयपीएल शहर

आयपीएल नागपुरात आली ती दुसऱ्यांच्या गरजेपोटी. २०१० मध्ये तेलंगण आंदोलनामुळे हैदराबादेत सामने घेणे अवघड झाले, तेव्हा आदल्या वर्षीच्या विजेत्या डेक्कन चार्जर्सने आपले काही ‘घरचे’ सामने जामठ्यात खेळले. २०१६ मध्ये पंजाबच्या संघाने तीन सामन्यांसाठी नागपूर निवडले होते; महाराष्ट्रातील दुष्काळामुळे मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर हलवण्यास सांगितले आणि तेही गेले. विदर्भात टँकर फिरत असताना मैदानावर पाणी मारण्यावर आक्षेप घेतला जाणे रास्तच होते.

परिणामी नागपूरकराची आयपीएलनिष्ठा विखुरलेली आहे. कोणी रोहितमुळे मुंबईचा, कोणी धोनीमुळे चेन्नईचा, तर कोणी खापरखेड्याजवळच्या कोळसा खाणीच्या वसाहतीत वाढलेल्या उमेश यादवमुळे काही वर्षे कोलकात्याचा आणि मग तो जाईल तिकडचा. अमरावतीचा जितेश शर्मा २०२५ च्या विजेत्या बेंगळुरू संघात होता, त्या रात्री बेंगळुरूचा झेंडा विदर्भातही फिरला. बीसीसीआय अशा शहरांसाठी मोठ्या पडद्याचे फॅन पार्क भरवते. तेथे सामना दिसतो आणि गर्दीही असते, पण समोरच्या संघाला हूट करायला त्याचे पाठीराखे वेगळे बसलेले नसतात. एकाच रांगेत पाच संघांच्या जर्सी दिसतात.

रणजी : घर कुठे असते

विदर्भ अनेक वर्षे रणजीच्या खालच्या, प्लेट गटात खेळला. त्या काळात सामना पाहायला येणारे म्हणजे खेळाडूंचे नातेवाईक, क्लबचे सोबती आणि सावली शोधणारे काही निवृत्त गृहस्थ. फैज फझलच्या नेतृत्वाखाली आणि चंद्रकांत पंडित यांच्या मार्गदर्शनाखाली विदर्भाने २०१७-१८ मध्ये पहिल्यांदा करंडक जिंकला, तेव्हा बाद फेरीचे सामने त्रयस्थ ठिकाणी होत असत. उपान्त्यपूर्व सामना सुरतला, उपांत्य सामना कोलकात्याला (कर्नाटकवर पाच धावांनी विजय), अंतिम सामना इंदूरला दिल्लीविरुद्ध, रजनीश गुरबानीच्या हॅटट्रिकसह. विदर्भ क्रिकेटचा सर्वांत मोठा महिना नागपूरकरांनी मोबाइलवर पाहिला.

पुढच्याच वर्षी अंतिम सामना जामठ्यात झाला. फेब्रुवारी २०१९ मध्ये विदर्भाने सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवले. डावखुरा फिरकीपटू आदित्य सरवटे याने सामन्यात ११ बळी घेतले आणि चेतेश्वर पुजाराला दोन्ही डावांत मिळून एक धाव करू दिली. २०२३-२४ चा अंतिम सामना मुंबईविरुद्ध वानखेडेवर झाला आणि विदर्भ हरला. ज्यांच्या नावाचे ते स्टेडियम आहे ते शेषराव वानखेडे नागपूरचे महापौर होते, हे त्या आठवड्यात नागपुरात अनेकांनी एकमेकांना सांगितले.

२०२४-२५ मध्ये उपान्त्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम हे तिन्ही सामने नागपुरात झाले. उपांत्य फेरीत मुंबई हरली. अंतिम फेरीत पहिल्यांदाच येथवर आलेल्या केरळविरुद्ध सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर करंडक विदर्भाकडे आला. पाचव्या दिवशी निकाल आधीच कळलेला, तरी खेळ चालू, हा अनुभव नवख्या प्रेक्षकाला समजावून सांगावा लागतो. दुसऱ्या डावात शतक झाल्यावर करुण नायरने नऊ बोटे दाखवली, त्या देशांतर्गत हंगामातले त्याचे हे नववे शतक. करुण मूळ कर्नाटकचा, पाहुणा खेळाडू म्हणून आलेला. आणि समोर केरळकडून ७९ धावा करून विदर्भाची आघाडी कापू पाहणारा फलंदाज होता २०१९ चा नायक आदित्य सरवटे, आता केरळचा पाहुणा खेळाडू. टाळ्या कोणासाठी वाजवायच्या, याचे उत्तर त्या सामन्यात स्टँडमध्ये बसलेल्यांनी दोघांसाठी वाजवून दिले.

कबड्डी, फुटबॉल व इतर

प्रो कबड्डी लीगमध्ये सगळ्या संघांचा तांडा एकेका शहरात काही दिवस मुक्काम करतो. २०१७ मध्ये बेंगळुरू बुल्सना आपल्या शहरात मैदान मिळाले नाही आणि त्यांचे ‘घरचे’ सामने मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात झाले. नागपूरकरांनी आठवडाभर कर्नाटकच्या संघासाठी घसा बसवला आणि तांडा पुढे गेला. याच संकुलात त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राष्ट्रीय बॅडमिंटन स्पर्धेच्या अंतिम फेरीत सायना नेहवालने पी. व्ही. सिंधूला हरवले. बंदिस्त सभागृहात खेळाडूच्या बुटाचा आवाजही ऐकू येतो. जामठ्यात बसून टीव्हीवरची रिप्ले पाहणाऱ्याला ही जवळीक मिळत नाही.

धंतोलीतील यशवंत स्टेडियम महापालिकेचे. हिवाळी अधिवेशनात मोर्चे येथूनच निघतात, त्यामुळे कित्येक नागपूरकरांनी ते खेळापेक्षा घोषणांसाठीच जास्त पाहिले आहे. महालातील चिटणीस पार्कवर कुस्ती आणि कबड्डी. फुटबॉलमध्ये जुनी, पक्की निष्ठा कामठीत आहे. रब्बानी क्लबचे पाठीराखे साइडलाइनला उभे राहून पंचाशी वाद घालतात आणि खेळाडूला नावाने शिव्या देतात, कारण तो शेजारच्या गल्लीतला असतो. क्रिकेटमधील स्थानिक गुझदर लीगलाही असाच ओळखीचा प्रेक्षक आहे.

विदर्भ प्रो टी-ट्वेंटी लीग २०२५ मध्ये जामठ्यात सुरू झाली. रणजीत दिसणारी मुले रात्रीच्या दिव्यांखाली, आयपीएलच्या थाटात खेळताना पाहायला मिळू लागली. सामने एकाच मैदानावर होत असल्याने घरचे-बाहेरचे हा भेद त्यात नाही, आणि अकोला, यवतमाळ किंवा चंद्रपूरच्या प्रेक्षकाला आपल्या मुलाला खेळताना पाहायचे तर अजूनही जामठ्यापर्यंतचा प्रवास करावा लागतो.