कृष्णविवराचं वजन सांगणारा शेजारचा तारा

औंढा नागनाथजवळच्या लायगोला, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेला, 2023 मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली तेव्हापासून आपल्या मराठवाड्यातली पोरं कृष्णविवरांबद्दल भरभरून विचारतात, छान वाटतं. पण कृष्णविवर ज्याचा वायू ओढून घेतं त्या साथीदार ताऱ्याबद्दल कुणीच विचारत नाही, आणि माझ्या मते खरी साक्ष तोच देतो.

सुरुवात ययाती तारकासमूहातल्या अल्गॉलपासून. डिसेंबरात रात्री नवाच्या सुमारास शेतातून उत्तरेकडं मान वर केली की दिसतो, एरवी चांगला ठळक, पण दर 2 दिवस 21 तासांनी मंद होत जातो आणि दहाएक तासांत पुन्हा होता तसा. 1782-83 मध्ये यॉर्कच्या जॉन गुडरिकनं, वय 18, कानानं ऐकू येत नव्हतं, नुसत्या डोळ्यांनी हे टायमिंग पकडलं आणि सांगितलं की मधी काहीतरी काळं येत असावं. 1889 ला फोगल या जर्मन खगोलशास्त्रज्ञानं वर्णपटावरून जोडी असल्याचं पक्कं केलं.

पुढं गोची झाली. जड तारा इंधन भराभर जाळतो, म्हणून आधी म्हातारा व्हायला पाहिजे, इथं मात्र हलका तारा फुगलेला आणि त्याच्या चौपट वजनाचा अजून तरणाताठा, थोरल्याच्या आधी धाकट्याचे केस पिकावेत तसं. 1955 ला क्रॉफर्ड आणि हॉइल यांनी उलगडा केला, आजचा हलका तारा मुळात जड होता, फुगला आणि त्याचा बाहेरचा वायू शेजाऱ्यावर ओतला गेला. मला विचाराल तर या विषयातला सगळ्यात सुंदर विचार हाच.

असा वायू ओतणाऱ्या जोड्या आणखीही निघाल्या. 1954 ला खगोलशास्त्रज्ञ वॉकरनं 1934 च्या एका नवताऱ्यात (अचानक भडकून दिसू लागलेल्या ताऱ्यात) पावणेपाच तासांहून कमी वेळात फिरणारी जोडी शोधली होती, नंतर क्राफ्टनं दाखवलं की नवतारे बहुतेक असेच.

आता कृष्णविवरांकडं. हंस तारकासमूहातला क्ष-किरणांचा स्रोत हंस एक्स-1 हा 1964 मध्ये सापडला आणि 1971 च्या सुमारास तिथं कृष्णविवर असावं असं वाटू लागलं, पण तिथल्या निळ्या महाताऱ्याचं स्वतःचं वजनच नक्की नव्हतं, त्यामुळं वाद राहिला. त्याच तारकासमूहातली व्ही404 हंस ही जोडी 1989 ला भडकली, शांत झाल्यावर साथीदाराच्या वर्णपटातल्या रेषा दिसायला लागल्या, साडेसहा दिवसांच्या फेरीत तारा लांब जाताना त्या लालकडं आणि जवळ येताना निळ्याकडं सरकत होत्या, वेग सेकंदाला 200 किमीच्या आसपास. तेवढ्यावरून 1992 मध्ये कळलं की न दिसणारा जोडीदार कमीत कमी सूर्याच्या सहापट आहे, न्यूट्रॉन तारा (मेलेल्या ताऱ्याचा दाट गाभा) इतका जड असणं शक्यच नाही, म्हणजे ते कृष्णविवरच.

आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅट या अवकाश दुर्बिणीनंही यात भर घातली, एनजीसी 188 या जुन्या तारकागुच्छात वयाला न शोभणाऱ्या, तरुण दिसणाऱ्या एका निळ्या ताऱ्याशेजारी, त्याला नुकताच वायू देऊन बसलेला तापलेला साथीदार 2016 मध्ये अतिनील प्रकाशात सापडला.