परकीय व्यवस्थापनपद्धती आणि संस्कृती : कोकण

एका देशात घडलेली कामाची पद्धत विकसनशील देशातल्या कारखान्यात वा बंदरावर आली, की अधिकार, नाती आणि मोबदला यांविषयीच्या तिथल्या समजुतींशी तिची गाठ पडते. डच अभ्यासक गेर्ट हॉफस्टेड यांनी आयबीएमच्या विविध देशांतील कर्मचाऱ्यांच्या पाहण्यांवरून राष्ट्रीय संस्कृतीचे निकष १९८० मध्ये मांडले. अधिकारातील विषमता मान्य करण्याच्या निकषावर भारताचा गुणांक ७७, तर अमेरिकेचा ४०. साहेब आणि कामगाराने समोरासमोर बसून उद्दिष्टे ठरवण्याची रीत इथे का अडखळते, याचे उत्तर अनेकजण या आकड्यांत शोधतात. भारतीय मानसशास्त्रज्ञ जे. बी. पी. सिन्हा यांच्या मते भारतात माया लावणारा, पण काम चोख मागणारा वरिष्ठ जास्त यशस्वी ठरतो.

कोकणात मात्र ‘राष्ट्रीय’ हे माप फार ढोबळ वाटते. कचेरीतल्या नोकरदारांवरून काढलेली सरासरी खलाशाला लावायची कशी? मालवणकडील रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढण्याच्या सामूहिक मासेमारीत, ओढणाऱ्या सगळ्यांचा मासळीत वाटा असतो. तिथे माणशी काम मोजून बोनस देणे निरर्थक. यांत्रिक नौकेवर तांडेलाच्या, म्हणजे नौकाप्रमुखाच्या, शब्दाला आव्हान नाही.

आणि तरीही परकी पद्धत रुजते. अंतराळवीरांच्या अन्नासाठी १९६० च्या दशकात अमेरिकेत विकसित झालेली ‘हॅसप’ ही अन्नसुरक्षापद्धत निर्यातदार मासळी कारखान्यांत नित्याची आहे : तापमान, बर्फ, साफसफाई, सगळ्याच्या रोज लेखी नोंदी. १९९७ मध्ये युरोपीय संघाने भारतीय मासळीची आयात थांबवल्यावर तिची निकड कळली. हर्णै बंदरावर मात्र लिलाव तोंडी बोलीनेच होत आला आहे. मासळी तीच, माणसेही त्याच किनाऱ्यावरची. फरक आहे तो कागद मागणाऱ्या गिऱ्हाइकाचा. हापूसचेही तसेच. फळमाशीमुळे युरोपने २०१४ मध्ये घातलेली बंदी २०१५ मध्ये उठली, तीही निर्यातीपूर्वीची तपासणी आणि प्रक्रिया कडक केल्यावर.

जिथे असे गिऱ्हाईक नसते, तिथे गाव वरचढ ठरतो. सुपरवायझर आणि कामगार एकाच वाडीचे, कदाचित एकाच भावकीचे असले, तर वार्षिक मूल्यमापनाच्या तक्त्यात वडीलधाऱ्याला कमी गुण देणे जड जाते. सगळ्यांना ‘चांगला’ लिहून मोकळे होणे सोपे. शिमग्याला पालखी घरी येणार असताना हजेरीचा बोनसही माणसाला थांबवू शकत नाही. गणपतीचेही तेच. गैरहजेरीबद्दल दंड लावत बसण्यापेक्षा ते दिवस वगळूनच उत्पादनाचे वेळापत्रक आखणे व्यवहार्य ठरते.