गुलबक्षीचा दुपारचा अभ्यास

गुलबक्षीच्या लांब नळ्या एकमेकींत गुंफल्या की दोऱ्याशिवाय वेणी होते आणि काळी बी फोडली की आत पांढरी पूड निघते, हे बहुतेकांना लहानपणापासून ठाऊक असतं. पण फूल उमलताना क्वचितच कुणी पाहिलेलं असतं. ते उमलतं दुपारी चारच्या सुमारास आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढलं की मिटतं. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, माणसं दुपारीही घरात राहू लागली आणि त्या पावसाळ्यात अंगणातल्या, कठड्यावरच्या गुलबक्षीकडे निवांत बघायला अनेकांना पहिल्यांदाच सवड मिळाली.

एक फूल उभं चिरून बघा. त्याला पाकळ्या नसतातच. रंगीत कर्णा दिसतो तो जुळलेल्या निदलांचा, म्हणजे एरवी कळीला बाहेरून झाकणाऱ्या भागांचा. खालचा हिरवा पेला छदांचा, म्हणजे फुलाच्या बुडाशी असलेल्या पानांसारख्या भागांचा. (बोगनवेल याच कुळातली, तिथे छदंच रंगीत होतात.) आत सहसा पाच पुंकेसर (टोकाला परागकोश, म्हणजे परागाची पिशवी असलेले नर भाग) आणि एकच कुक्षीवृंत (मादी भागाचा दांडा, त्याच्या टोकाला पराग घेणारी कुक्षी). परागकण इतके मोठे की साध्या हातभिंगातून एकेक वेगळा दिसतो. नळीच्या तळाशी मध असतो. तो लांब सोंडेच्या पतंगांसाठी, म्हणूनच वास संध्याकाळी दरवळतो.

रंगाची गंमत स्वयंपाकघरात करता येते. चार-पाच गडद गुलाबी फुलं दोन चमचे थंड पाण्यात चुरडा, दुसऱ्या वाटीत गोकर्णीची निळी फुलं तशीच चुरडा आणि दोन्हींत लिंबाचे काही थेंब पिळा. गोकर्णीचं पाणी जांभळट गुलाबी होतं, गुलबक्षीचं जवळपास तसंच राहतं. गोकर्णीत अँथोसायनिन असतं, गुलबक्षीत बीटामधलं बीटालेन. हे दोन रंगद्रव्यगट एकाच वनस्पतीत कधी एकत्र सापडत नाहीत. पाणी गरम घेऊ नका, उष्णतेने बीटालेन तुटतं आणि रंग फिका पडतो.

खरी मजा आहे संकरात, म्हणजे एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडाच्या फुलाला देण्यात. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल कोरेन्स यांनी याच झाडावर प्रयोग केले. लाल आणि पांढऱ्या फुलांच्या झाडांचा संकर केला की पुढची पिढी गुलाबी येते. त्या गुलाबी झाडांच्या बियांतून लाल, गुलाबी, पांढरी अशी १:२:१ या प्रमाणात झाडं मिळतात. १९०९ मध्ये त्यांनी दाखवलं की पानांवरचे पांढरे-हिरवे पट्टे मात्र फक्त आईकडून येतात. परागकण कुठल्या झाडाचे, याला तिथे महत्त्व नाही. कारण हरितलवकं (पानांना हिरवा रंग देणारे पेशींतले कण) बीजांडातून पुढे जातात, परागातून नाही.

घरी करायचं तर आज उमलणारी कळी ओळखता यायला हवी. ती फुगीर, पूर्ण लांबीची आणि रंग भरलेली असते. दुपारी दोनच्या आत सुईने नळी हलकेच चिरून चिमट्याने पुंकेसर काढा. उशीर झाला तर परागकोश फुटलेले असतात. घाईत ओढलं तर कुक्षीवृंत तुटतो, कारण तो पुंकेसरांच्या तंतूंना अगदी लगटून असतो. कळी पातळ कापडाच्या पिशवीत झाका. संध्याकाळी दुसऱ्या रंगाच्या फुलाचा परागकोश कुक्षीवर टेकवा, पुन्हा झाका आणि देठाला दोरा बांधून ठेवा. पुंकेसर राहिले तर सगळं फुकट जातं: मिटताना पुंकेसर आणि कुक्षीवृंत एकत्र गुंडाळले जातात आणि फूल स्वतःचेच पराग घेतं.

एका फुलातून एकच बी मिळते. ती काळी झाली की आपोआप गळते, म्हणून पिशवी काढू नका. बी रात्रभर भिजवून साधारण एक सेंटीमीटर खोल पेरा. एक-दोन आठवड्यांत कोंब येतो, फुलं दोन-तीन महिन्यांनी. मूळ कंदासारखं जाड होतं, उथळ कुंडीत ते मावत नाही.

गुलाबी झाडांच्या बिया पेरताना मात्र हात आखडता घेऊ नका. चारच रोपं लावली तर एकही पांढरं न येण्याची शक्यता ३२ टक्के असते. सोळा लावली तर ती १ टक्क्यावर येते. प्रमाण चुकलं असं वाटतं तेव्हा बहुधा रोपंच कमी असतात. दुसरं कारण म्हणजे मूळ झाडं शुद्ध नसणं. म्हणून लाल आणि पांढऱ्या झाडाच्या कळ्या आधी नुसत्या झाकून, त्यांच्या स्वपरागित बियांतून तोच रंग येतो का ते एक पिढी तपासून घ्यावं. पिवळं आणि ठिपक्यांचं झाड यात घेऊ नये, त्यांचं गणित वेगळं आहे.

घरात लहान मूल असेल तर बिया उंचावर ठेवा. बिया आणि मुळं दोन्ही विषारी आहेत आणि बी दिसते हुबेहूब मिऱ्यासारखी.