पडीक माळावरचे कंदील

गौरी-गणपतीच्या सुमारास खानापूरहून जांबोटीमार्गे चोर्ला घाटाकडे जाणाऱ्याच्या लक्षात राहते ती दाट झाडी. अधूनमधून लागणारे जांभ्याचे उघडे माळ मात्र त्याला निव्वळ मोकळी जागा वाटतात. सह्याद्रीच्या या पट्ट्यातील अशाच गवताळ माळांवर कंदीलपुष्पाच्या दुर्मीळ जाती पावसाळ्यापुरत्या उगवतात. काही भागांत त्यांना खरपुडी किंवा हमण म्हणतात. लिनियसने १७५३ मध्ये या प्रजातीला 'सिरोपेजिया', म्हणजे मेणाचे कारंजे, असे नाव दिले. मराठी नाव त्याहून नेमके आहे, असे मला वाटते.

या फुलाच्या पाच पाकळ्या बहुतेक जातींत टोकाशी जुळलेल्या आणि मध्ये सुट्या असतात, त्यामुळे पाच खिडक्यांचा कंदील तयार होतो. त्याखाली अरुंद नळी आणि तळाशी फुगीर कोठी असते. वासाने ओढली गेलेली बारीक माशी खिडकीतून आत शिरते आणि घसरत कोठीत पोचते; नळीतले केस खालच्या दिशेने वळलेले असल्याने तिला परत वर येता येत नाही. आत मध चाटताना परागकणांच्या चिमुकल्या पिशव्यांची जोडी तिच्या सोंडेला अडकते. फूल जुने होऊ लागले की केस कोमेजतात आणि माशी सुटते. सुटलेली माशी त्याच जातीच्या दुसऱ्या कंदिलात पुन्हा फसली, तरच बी धरण्याची शक्यता असते. झाडे विरळ झाली की हा योग आणखी दुरावतो. रुईच्या म्हातारीसारखे बी वाऱ्यावर जाते खरे, पण ते पडेल तिथे माळ हवा.

पिठूळ कंद गुराखी खातात, साळिंदरही उकरते. त्याहून मोठे नुकसान चिऱ्यांच्या खाणी, चंदगड-राधानगरीकडच्या पठारांवरील बॉक्साईटचे खाणकाम आणि माळावर लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ यांनी होते. दिवाळीनंतर वेल सुकतो आणि पुढचा पाऊस येईपर्यंत केवळ कंद जमिनीत झोपून राहतो. गवत पेटले तरी वणवा वरून निघून जातो, पण बाभळीची सावली दर पावसाळ्यात असते आणि तिच्याखाली उन्हावर जगणारे गवतच हटते. उन्हाळ्यात पाहणीला आलेल्याला तिथे करपलेल्या गवताखेरीज काही दिसत नाही. तो 'पडीक' असा शेरा मारतो आणि पुढे वृक्षारोपणासाठी तीच जागा निवडली जाते.

भारतात या प्रजातीच्या सुमारे ६० जाती आहेत आणि त्यांतील बहुसंख्य इतरत्र कुठेही आढळत नाहीत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. एस. आर. यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक जाती बागेत वाढवून जपल्या आहेत. बागेत हाताने परागीभवन करून बी मिळवता येते, पण माळावर ते काम माशीलाच करायचे असते. म्हणून सीमाभागातील एखाद्या माळावर खाण किंवा रोपवन ठरवण्यापूर्वी त्याची पाहणी भाद्रपदात, गवत गुडघ्याएवढे असताना, चालत फिरून करणे आवश्यक आहे.