पोकरमध्ये रिव्हरला (शेवटच्या पानाला) मोठी बेट (पैज) म्हणजे थापच?

विश्रामबाग असो की गावभाग, गणपतीच्या जागरणात सांगलीत कुठंही चिंचोके लावून पोकर बसला की कुणीतरी ठासून सांगतोच : "पानं भारी असली तर शेवटाला बारकी बेट लाव, गिऱ्हाईक पळत नाय. मोठी लावणारा थापा मारतोय."

हिशोबात हे टिकत नाही. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, १००० चिंचोके आहेत आणि पान तुमचंच वरचढ आहे असं धरा. २५० लावले आणि समोरचा दहातून आठदा आला (म्हणजे तेवढेच लावून कॉल केला), तर सरासरी २०० सुटतात. १००० लावले आणि तो चारदाच आला, तरी ४००. पण पळालेला गडी डोळ्यांत भरतो, न मिळालेले चिंचोके दिसत नाहीत.

(चिंचोकेच बरे. पैशाच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं बंदी आहे.)

आता थाप. पॉटएवढ्या बेटला कॉल करणाऱ्याला तीनातून एकदा जिंकलं तरी बरोबरी साधते. म्हणून मुरलेला खेळाडू त्या आकारात साधारण दोन अव्वल हातांमागे एक थाप मिसळतो. म्हणजे मोठी बेट बऱ्याचदा खरीच असते!

बारकी बेट मधल्या पानांना शोभते, समजा एकच बरी जोडी. तिच्यावर मोठी लावली तर हलकी पानं फोल्ड होतात, म्हणजे टाकून दिली जातात, आणि कॉलला उरतात तुमच्यावर मात करणारी. समोरचा फारच भित्रा असेल, तर मात्र भारी पानांवरही आकार उतरवा. आणि काहीही आलं तरी कॉल करणारा एखादा काका असतोच. त्याच्यावर थाप वाया घालवू नका, भारी पानांवर पॉटपेक्षाही जास्त लावा.