खोली तीच, बुकिंग वेगळं

बोर्डगेम असो, कॉमिक्स असो, स्केल मॉडेल असो की विज्ञानकथा, मोठ्या कन्व्हेन्शनला, म्हणजे छंदवाल्यांच्या मेळाव्याला, पहिल्यांदा निघालेला माणूस हा प्रश्न विचारतोच: "कन्व्हेन्शनवाल्यांनी जे हॉटेल सुचवलंय, तेच मला बुकिंग साइटवर थोडं स्वस्त दिसतंय. मग तिथूनच घेऊ ना?" प्रश्न रास्त आहे. इमारत तीच, फोटोतला पलंग तोच, पडदेसुद्धा तेच. तरी या दोन खोल्या एक नाहीत, आणि हा फरक लोकांना बऱ्याचदा रात्री उशिरा, रिसेप्शनच्या टेबलासमोर उभं राहिल्यावर कळतो. तो आधी कळावा एवढ्यासाठी हे लिहितोय.

पहिली खोली कन्व्हेन्शनने राखून ठेवलेल्या खोल्यांपैकी. हॉटेलच्या भाषेत तिला ‘रूम ब्लॉक’मधली खोली म्हणतात. दुसरी त्याच हॉटेलातली, पण तुम्ही तुमची, कन्व्हेन्शनचा काहीही संबंध न येऊ देता घेतलेली. पुढे पहिलीला ‘ब्लॉकमधली’ आणि दुसरीला ‘बाहेरची’ म्हणतो.

ब्लॉक म्हणजे काय हे समजलं की बाकीचं बरंचसं आपोआप उलगडतं. छंदाची कन्व्हेन्शनं भरवणारी मंडळी बहुतेक ठिकाणी स्वयंसेवक असतात. ते वर्षभर आधी, मोठं कन्व्हेन्शन असेल तर कित्येक वर्षं आधी हॉटेलशी करार करतात: अमुक तारखांना एवढ्या खोल्या आमच्या लोकांसाठी ठेवा, दर हा. बदल्यात हॉटेल त्यांच्याकडून हमी घेतं की यातल्या ठरावीक टक्के खोल्या भरतील. ८० ते ९० टक्क्यांची हमी नेहमीच दिसते. हिशेब ‘रूम नाइट’वर चालतो, म्हणजे एक खोली, एक रात्र. समजा १०० खोल्या तीन रात्रींसाठी धरल्या, तर झाल्या ३०० रूम नाइट. ८० टक्क्यांच्या हमीने २४० भरायला हव्यात. प्रत्यक्षात २०० भरल्या, तर कमी पडलेल्या ४० रूम नाइटची भरपाई करारात ठरल्याप्रमाणे आयोजकांना करावी लागते. करारातल्या या कलमाला ‘अ‍ॅट्रिशन’ म्हणतात. छोट्या कन्व्हेन्शनच्या खजिनदाराची झोप उडवणारं कलम आहे हे.

हमी पूर्ण झाली तर? मग हॉटेल सभागृहं फुकट किंवा अगदी कमी भाड्यात देतं. खोल्या जितक्या जास्त, तितकी ही सवलत मोठी. म्हणजे ज्या दालनात तुम्ही दिवसभर खेळायला बसता, जिथे स्पर्धेची मॉडेलं मांडलेली असतात, त्या दालनाचं भाडं बऱ्याच अंशी वरच्या मजल्यांवर झोपणाऱ्यांनी भरलेलं असतं. हे मला कळलं त्या दिवसापासून ब्लॉककडे बघण्याची माझी नजरच बदलली. दोन दरांची तुलना करताना या गोष्टीचंही वजन धरायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आता दराकडे येऊ, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. ब्लॉकचा दर करारात ठरलेला असतो, बाहेरचा दर रोज बदलतो. हॉटेल रिकामं असेल तेव्हा बाहेरचा दर ब्लॉकपेक्षा खाली येऊ शकतो. कन्व्हेन्शन जवळ आलं, गर्दी वाढली, की तोच कुठल्या कुठे जातो. शिवाय साइटवरच्या स्वस्त दराखाली बारीक अक्षरात बहुधा लिहिलेलं असतं की पैसे आत्ताच पूर्ण भरा आणि रद्द केल्यास परत मिळणार नाहीत. ब्लॉकमध्ये साधारणपणे एका रात्रीचं डिपॉझिट किंवा नुसतं कार्ड द्यावं लागतं आणि मुदतीच्या आत रद्द करता येतं. तेव्हा दर शेजारी शेजारी ठेवायचेच तर रद्द करता येणाऱ्या दराशेजारी रद्द करता येणारा दर ठेवा. कर, वरचे आकार, इंटरनेट हे सगळं धरून शेवटचा आकडा बघा. काही आयोजक इंटरनेट किंवा हॉटेलचा रोजचा ‘सुविधा आकार’ करारातच माफ करून घेतात. पहिल्या पानावरच्या आकड्यात ते दिसत नाही. कन्व्हेन्शनच्या एक-दोन दिवस आधी यायचं किंवा नंतर राहायचं असेल तर त्या रात्रींनाही ब्लॉकचा दर लागतो का, हे जरूर विचारा. अनेक करारांत तशी सोय असते आणि निम्म्या लोकांना ती माहीतच नसते.

पण माझ्या लेखी खरा फरक अडचणीच्या वेळी दिसतो.

एका वर्षी मी बाहेरची खोली घेतली होती, आगाऊ पैसे भरून. रात्री साडेअकराला पोचलो. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात खोका, खोक्यात आठ महिने खपून केलेलं शिडाचं जहाज. बारीक दोऱ्यांनी ताणलेल्या तीन डोलकाठ्या. रिसेप्शनवरच्या मुलीला माझं नाव सापडलं, पण खोली नव्हती. हॉटेलं थोड्या जास्त खोल्या विकतात, कारण काही लोक येतच नाहीत. त्या रात्री सगळे आले होते. तिने माफी मागितली, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या हॉटेलात सोय केली, त्या रात्रीचे पैसे आणि टॅक्सी हॉटेलने दिली. वागणं सौजन्याचंच होतं. मी कन्व्हेन्शनच्या टेबलाकडे गेलो. खोल्यांचं काम बघणारा स्वयंसेवक अजून जागा होता. त्याने यादी उघडली, बोट खालपर्यंत नेलं आणि म्हणाला, "तुमचं नाव आमच्याकडे नाही हो. असतं तर मी आत्ता मॅनेजरला उठवलं असतं." टॅक्सीत एका खड्ड्यात खोका उडाला. मागच्या डोलकाठीचे तीन दोर सुटले. सकाळी स्पर्धेच्या नोंदणीआधी ते चिमट्याने पुन्हा बांधताना मला त्या स्वयंसेवकाचं वाक्य आठवत होतं.

खोल्या कमी पडल्या की कोणाला दुसरीकडे पाठवायचं हे हॉटेल ठरवतं. त्यात बाहेरच्या साइटवरून, कमी दराने, एकाच रात्रीसाठी आलेला पाहुणा बहुधा आधी निवडला जातो. ब्लॉकमधल्यांना कधीच पाठवत नाहीत असं नाही. पण त्यांच्यामागे आयोजक असतात आणि त्या आयोजकांशी हॉटेलला पुढच्या वर्षीही व्यवहार करायचा असतो. साइटवरून घेतलेल्या बुकिंगमध्ये काही बदल हवा असला तर हॉटेल म्हणतं साइटला विचारा, साइट म्हणते हॉटेलला विचारा. तारीख एक दिवस पुढे ढकलायची एवढं साधं कामसुद्धा त्यात अडकतं.

आणखी एक गोष्ट, मजल्यांची. रात्री खोल्यांमध्ये मैफिली रंगतात अशा कन्व्हेन्शनांत, विशेषतः विज्ञानकथावाल्यांच्या, आयोजक हॉटेलशी बोलून काही मजले गजबजाटाचे आणि काही शांततेचे ठरवतात. ब्लॉकच्या अर्जात तसा रकाना असतो. बाहेरून आलेल्याला हॉटेल हाताशी असेल ती खोली देतं. पहाटे तीनपर्यंत गाणी चालणाऱ्या मजल्यावर लहान मुलाला घेऊन कोणी पोचलं, तर त्यात ना गाणाऱ्यांची चूक, ना मुलाची. चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांनी तर ब्लॉकमधूनच, आयोजकांशी आधी बोलूनच खोली घ्यावी. रुंद दाराच्या, आधारदांड्या बसवलेल्या न्हाणीघराच्या खोल्या मोजक्याच असतात आणि त्या कोणाला खरंच लागणार आहेत हे आयोजकांना माहीत असलं तर त्या योग्य माणसाकडे जातात.

इथे आणखी एक गल्लत होते: ‘अधिकृत हॉटेल’ म्हणजे ‘जवळचं हॉटेल’ असं लोक धरून चालतात. हे कन्व्हेन्शन कसं आहे यावर ठरतं. अमेरिकेतल्या सॅन डिएगोचं कॉमिक-कॉन १९७० साली यू. एस. ग्रँट हॉटेलात सुरू झालं, म्हणजे कार्यक्रम आणि मुक्काम एकाच छपराखाली. आज ते शहराच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये भरतं. तिथे राहायच्या खोल्या नसतात, म्हणून ब्लॉक अनेक हॉटेलांत पसरलेला असतो आणि त्यातली काही चांगलीच लांब असतात. अटलांटाचं ड्रॅगन कॉन अजूनही मुख्यतः हॉटेलांमध्ये भरतं. तिथली मुख्य हॉटेलं पाच आणि त्यातली हयात, मॅरियट आणि हिल्टन ही तीन हवाई पुलांनी जोडलेली. वजनदार, पंखांचा पोशाख घालून दुपारच्या उन्हात रस्ता ओलांडायचा नसेल तर तो पूल किती मोलाचा आहे हे पोशाख करणाऱ्यालाच विचारा. इंडियानापोलिसच्या जेन कॉन या बोर्डगेमवाल्यांच्या कन्व्हेन्शनलाही बरीच हॉटेलं बंद पुलांनी कन्व्हेन्शन सेंटरला जोडलेली आहेत. तिथे मागणी इतकी की बॅज, म्हणजे प्रवेशपत्र, घेतलेल्यांना ब्लॉकमधली खोली निवडण्यासाठी सोडतीने वेळ दिली जाते.

तेव्हा यादीत नाव आहे म्हणून खूश होऊ नका, नकाशा उघडा. अंतर चालून मोजा, सरळ रेषेत नाही. ब्लॉकमधल्या लांबच्या हॉटेलला एक आधार मात्र असतो: कन्व्हेन्शनची बस असेल तर ती अधिकृत हॉटेलांजवळच थांबते. ती रात्री किती वाजेपर्यंत चालते हे बघा. खेळ रात्री एकला संपला आणि शेवटची बस बाराची असली, तर त्या बसचा तुम्हाला काही उपयोग नाही.

एवढं सगळं म्हटलं तरी बाहेरची खोली ही चूक आहे असं मी म्हणणार नाही. एकाच दिवसासाठी जाताय, घरचे बरोबर आहेत आणि त्यांना कन्व्हेन्शनमध्ये रस नाही, हॉटेलच्या साखळीचे साठवलेले पॉइंट वापरायचेत, किंवा ब्लॉक संपलाय, तर बाहेरूनच घ्या. फक्त शक्यतो हॉटेलकडून थेट घ्या. पॉइंट मिळतात, बदल करता येतात आणि अडचणीत निदान एकाच माणसाशी बोलावं लागतं. बुकिंग झालं की कन्फर्मेशन नंबर आयोजकांना कळवा. काही करारांत कन्व्हेन्शनला आलेल्यांच्या बाहेरच्या खोल्याही आयोजकांच्या हमीत मोजता येतात, पण त्यासाठी तुम्ही तिथे आहात हे त्यांना कळायला हवं. दोन ओळींचा मेल आहे, त्यांच्या फार कामी येतो.

तिसराही एक प्रकार आहे आणि तो पहिल्यासारखा दिसावा म्हणूनच रचलेला असतो. फोन येतो: "तुमच्या कन्व्हेन्शनच्या खोल्या आम्ही बघतो. ब्लॉक आज संध्याकाळी बंद होतोय, कार्ड नंबर द्या." व्यापारी आणि स्टॉलवाल्यांना असे फोन जास्त येतात, कारण त्यांची नावं यादीत उघड असतात. या कंपन्यांचा कन्व्हेन्शनशी काही संबंध नसतो. पैसे पूर्ण आगाऊ घेतात आणि कधी कधी खोलीच अस्तित्वात नसते. खरे आयोजक सहसा असे फोन करत नाहीत. समोरचा कितीही गोड बोलला तरी फोन ठेवा आणि कन्व्हेन्शनने स्वतः दिलेल्या दुव्यावरूनच बुकिंग करा.

तुमच्या हातात आत्ता जे बुकिंग आहे ते कुठलं, हे ओळखायला कन्फर्मेशनचा मेल उघडा. ब्लॉकमधलं असेल तर त्यात कन्व्हेन्शनचं नाव किंवा ग्रुप कोड सापडतो. नुसता साइटचा क्रमांक असेल तर ते बाहेरचं, आणि त्या क्रमांकावर हॉटेलला तुमचं नाव सापडेलच असं नाही. हॉटेलला फोन करून त्यांचा स्वतःचा क्रमांक मागून घ्या. खोली वाटून घेत असाल तर सगळ्यांची नावं बुकिंगवर चढवा. नाहीतर ज्याच्या नावावर खोली आहे तो पोचेपर्यंत बाकीचे सामान घेऊन लॉबीत बसतील.

ब्लॉक भरलेला दिसला तरी तो विषय लगेच सोडू नका. ब्लॉकला एक कट-ऑफ तारीख असते, साधारण तीन ते चार आठवडे आधीची. त्यानंतर न विकलेल्या खोल्या हॉटेल सर्वांसाठी खुल्या करतं आणि ब्लॉकचा दर मिळेलच याची खात्री राहत नाही. पण त्याआधी आणि रद्द करण्याच्या मुदतीच्या एक-दोन दिवस आधी बरेच लोक दोन-दोन ठिकाणी धरून ठेवलेल्या खोल्या सोडतात. मी बाहेरची, रद्द करता येणारी खोली हातात ठेवून त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ कन्व्हेन्शनचा दुवा उघडून बघतो. गेल्या तीन वेळांपैकी दोनदा मला त्याच हॉटेलात, सभागृहाच्या वरच्याच मजल्यावर खोली मिळाली. जहाजाचा खोका लिफ्टने खाली नेला आणि थेट स्पर्धेच्या टेबलावर ठेवला.